गळ्यावर पोट असणाऱ्यांनी गळा कसा जपावा?

एप्रिल महिना लागला की वऱ्हाडात गाण्याचा हंगाम सुरू होतो. 11 तारखेला महात्मा फुले यांची आणि 14 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. त्यानंतर गावोगावचे कार्यक्रम मे महिन्यापर्यंत चालतात. शाहीर आणि भीमगीत गायक नवी गाणी बसवून निघतात. आज अकोला, उद्या मूर्तिजापूर, परवा दर्यापूर, मग परतवाडा नि अमरावती. पूर्वी याच दिवसांत नवी कॅसेट निघायची, आता गाणी मोबाइलवर येतात. पण गायकाची कमाई मुख्यतः रात्रीच्या कार्यक्रमावरच असते. गाडगेबाबांचे कीर्तन, तुकडोजी महाराजांची खंजिरी, वामनदादा कर्डकांची गाणी यांनी लोकांना जागे केले. या साऱ्यांचे खरे भांडवल एकच, माणसाचा गळा.

याच दिवसांत माझ्याकडे आवाज बसलेले गायक येतात. मागच्या हंगामात अकोल्याकडचे एक शाहीर आले. वय चाळिशीच्या आत. सलग नऊ रात्री कार्यक्रम झालेले. बोलताना शब्द तुटत होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मले आज रात्री उभं राहाच लागते. सुपारी घेतली हाये. आजच्यापुरतं एक इंजेक्शन देऊन टाका."

असे इंजेक्शन मी दिले नाही. का, ते समजण्यासाठी आवाज कसा निघतो ते पाहू.

आपल्या कंठात स्वरयंत्र असते. त्यात दोन लहान स्वरतंतू असतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते एकमेकांवर आपटतात आणि आवाज निघतो. साधे बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 100 ते 125 वेळा आणि स्त्रीचे सुमारे 200 वेळा हलतात. वरच्या पट्टीत गाताना हा आकडा कितीतरी वाढतो. दोन-तीन तास जोर लावून गायल्यास तंतूंना सूज येते. विश्रांती मिळाली तर ती ओसरते. रोज तोच मारा चालू राहिला तर तंतूंवर समोरासमोर बारीक गाठी धरतात, हाताला घट्टे पडावेत तशा.

या शाहिरांच्या गळ्यात दुर्बिणीने पाहिले तेव्हा अशाच गाठी दिसल्या. गाठ म्हणताच ते घाबरले. पण या गाठी कर्करोगाच्या नसतात. विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामाने त्या बहुधा विरघळतात. सूज दाबणाऱ्या इंजेक्शनने मात्र त्रास तेवढा झाकला जातो, गायक पुन्हा जोर लावतो आणि सुजलेल्या तंतूत रक्तस्राव होण्याचा धोका राहतो. त्यांनी तीन दिवस मौन पाळले आणि दोन आठवडे कार्यक्रम बंद ठेवले. पाच सुपाऱ्या साथीदाराकडे गेल्या. ऐन हंगामात हे नुकसान लहान नव्हते. पण पुढे आवाज परत आला.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. अडेल ही जगप्रसिद्ध ब्रिटिश गायिका 2011 साली नव्या अल्बमचे कार्यक्रम करीत असताना तिच्या स्वरतंतूत रक्तस्राव झाला. तिला दौरा रद्द करून शस्त्रक्रिया करावी लागली. फेब्रुवारी 2012 मध्ये ती पुन्हा मंचावर आली.

गाणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. उन्हाळ्यात दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. प्यायलेले पाणी थेट स्वरतंतूंवर पडत नाही, ते अन्ननलिकेत जाते. म्हणून मंचावर चढताना घोटभर पाणी पिऊन भागत नाही, शरीरातच पाणी हवे.

2. ढोलकी आणि बेंजोच्या वर आवाज काढण्यासाठी ओरडू नये. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस आपोआप जोर लावतो. एक लहान स्पीकर आपल्याकडे तोंड करून ठेवण्यास सांगावे.

3. एस.टी.त किंवा जीपमध्ये गाडीच्या आवाजावर गप्पा मारू नयेत. वारंवार खाकरू नये. आवाज बसल्यावर जोर लावून कुजबुजल्यानेही तंतूंवर ताण पडतो.

4. कार्यक्रमानंतर रात्री उशिरा झणझणीत जेवून लगेच आडवे होऊ नये. पोटातील आम्ल घशापर्यंत येते आणि तंतू सुजतात. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. ते जमत नसेल तर कार्यक्रमाआधी जेवून घ्यावे.

5. खर्रा, बिडी आणि दारू सोडावी. "खर्रा खाल्ल्याशिवाय आवाज खुलत नाही" असे अनेक कलावंत सांगतात. खरे तर खऱ्यातल्या सुपारीने तोंड उघडणे कमी होत जाते आणि तंबाखूने कर्करोगाचा धोका वाढतो. ज्याचे तोंड उघडत नाही, तो गाणार कसा?

गाता गाता अचानक आवाज गेला तर कार्यक्रम तेथेच थांबवावा आणि तपासणी होईपर्यंत मौन पाळावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावीच. तंबाखू किंवा बिडीची सवय असणाऱ्याने तेवढेही थांबू नये. स्वरतंतूच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा घोगरा आवाज हीच असते. तो लवकर सापडला तर जीव वाचतोच, बहुतेकांचा आवाजही राहतो. हा नियम गायकांइतकाच शिक्षक, कीर्तनकार आणि बाजारात ओरडून माल विकणाऱ्यांनाही लागू आहे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात ही तपासणी करता येते.

16 एप्रिल हा जागतिक आवाज दिन आहे. 1999 साली ब्राझीलमध्ये त्याची सुरुवात झाली. आपल्याकडे तो जयंतीच्या दुसऱ्याच दिवसानंतर येतो. मंडळांनी त्या निमित्ताने एवढे करावे, गायकाला वेळेवर मंचावर बोलवावे, मध्ये अर्धा तास विसावा द्यावा आणि तीन तास झाल्यावर "अजून एक" असा आग्रह धरू नये. त्याला उद्या दुसऱ्या गावी गायचे असते.