दुधाचे दात आणि विदर्भाचं पाणी

मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन मुलं माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसून गेली. पहिला अडीच वर्षांचा, नागपुरातलाच. वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत किडलेले, खालचे मात्र शाबूत. हे चित्र दिसलं की रात्रीच्या दुधाच्या बाटलीबद्दल वेगळं विचारावं लागत नाही. बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की साखरेचं दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ आणि लाळ यांचं पांघरूण असतं. आजी म्हणाली, "दुधाचेच तं दात आहेत मॅडम, पडूनच जातीन." पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात असतात, आणि तोवर ठणका, सूज, अर्धपोटी झोप हे सगळं त्या मुलाच्याच वाट्याला येतं.

दुसरी नऊ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. एकही दात किडलेला नाही. पण पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी पट्टे. हसताना ती हात तोंडावर धरायची. आईने राख, मीठ, लिंबू सगळं घासून पाहिलं होतं. डाग वरचा नव्हताच, दात घडतानाच आत बसलेला होता.

दोघांच्याही कागदावर मी एकच शब्द लिहिला: फ्लोराइड. एकाला ते कमी पडलं होतं, दुसरीला जास्त झालं होतं.

या दोन गोष्टींचं नातं उलगडलं ते अशाच डागांमुळे. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य 1901 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला, तेव्हा तिथल्या मुलांचे दात तपकिरी होते. पुढे त्याच्या लक्षात आलं की हे कुरूप दात किडत मात्र कमी. कारण सापडायला 1931 साल उजाडलं: पाण्यातलं फ्लोराइड. मग डाग न पडता कीड रोखेल असं प्रमाण शोधण्यात आलं, लिटरला साधारण 1 मिलिग्रॅम. आणि 1945 साली ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळलं गेलं.

त्या काळी समज असा होता की फ्लोराइड पोटात जाऊन दात घट्ट करतं. आज आपण जाणतो की त्याचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ ते पुन्हा भरून आणते. ही झीज-भर दिवसभर चालू असते. लाळेत थोडं फ्लोराइड असलं तर भर लवकर होते, आणि नवा थर आम्लाला अधिक दाद देत नाही. म्हणजे ते गिळायचं नाही, लावायचं. विदर्भासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

कारण आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड घालायचा प्रश्नच नाही, काढायचा आहे. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांत कित्येक ठिकाणी खडकातून ते भूजलात उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटल्याने वाढतं. ते काढण्याची देशातली प्रसिद्ध पद्धत आमच्या नागपुरातच, नीरीमध्ये विकसित झाली: तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. तिला नाव मात्र मिळालं नलगोंड्याचं. पद्धत सोपी आहे. पण रोज कुणीतरी मापून तुरटी घालायची आणि तो गाळ नीट कुठेतरी टाकायचा, इथे गाडं अडतं.

नागपूर शहराचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानचं. अशा धरण-नदीच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. तरीही शहरातले आईबाप भीतीपोटी फ्लोराइड नसलेली पेस्ट आणतात. आकडाच बघा. आपल्याकडे पेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 पीपीएम फ्लोराइड चालतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट द्यायची; ती सगळी गिळली तरी पोटात जातं सुमारे 0.1 मिलिग्रॅम. लिटरला 3 मिलिग्रॅम असलेल्या हापशाचं एक लिटर पाणी म्हणजे असे तीस दाणे. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, ब्रश मोठ्यांच्या हातात हवा, आणि नंतर थुंकायचं. खळखळून चुळा भरल्या तर लावलेलं सगळं वाहून जातं. म्हणून पेस्ट सुचवण्याआधी मी विचारते, पाणी कुठलं पिता?

त्या मुलाच्या मागच्या दाढांना फ्लोराइडचं वार्निश लावलं. दर काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल. किडलेल्या दातांवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब फिरवला. कीड थांबते, ड्रिल लागत नाही, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आजीला ते मुळीच आवडलं नाही.

मुलीच्या दातांचा रंग पुढे झाकता येईल. माझी घाई वेगळीच होती: तिला दोन वर्षांचा भाऊ आहे. त्याचे पुढचे कायमचे दात आत्ता हिरडीत घडताहेत, आणि डाग पडतो तो याच वर्षांत. हापशाचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं. तपासणीत फ्लोराइड दीडच्या बरंच वर निघालं. शेजारच्या वस्तीवरच्या उथळ विहिरीचं पाणी तपासलं, ते ठीक होतं. आता भावापुरतं पिण्याचं पाणी तिथून येतं. कळशी आणायला बहुतेक वेळा तीच जाते.