गिट : बदल जतन करणे व मागे घेणे

गिट ही संचिकांमधील बदलांचा इतिहास राखणारी मुक्त संगणकप्रणाली आहे. लिनक्स कर्नेलच्या विकासासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ती निर्माण केली.

जतन करणे

जतन दोन टप्प्यांत होते. ‘गिट ॲड’ ही आज्ञा निवडलेले बदल नोंदीसाठी सिद्ध करते. ‘गिट कमिट’ संदेशासह त्यांची इतिहासात नोंद करते. काय नोंदवायचे राहिले आहे, हे ‘गिट स्टेटस’ दाखवते.

मागे घेणे

सिद्ध न केलेले बदल ‘गिट रिस्टोर’ने टाकून देता येतात, ही आज्ञा २०१९ मध्ये समाविष्ट झाली. ‘गिट रिव्हर्ट’ जुनी नोंद पुसत नाही, तर तिचा परिणाम रद्द करणारी नवी नोंद करते. त्यामुळे इतरांपर्यंत पोहोचलेल्या कामासाठी ती सुरक्षित ठरते. ‘गिट रिसेट’ला ‘हार्ड’ हा पर्याय जोडल्यास शाखा निवडलेल्या नोंदीवर जाते आणि न नोंदवलेले बदल नष्ट होतात.

नोंदवलेले काम शाखेतून निसटले, तरी काही काळ ‘गिट रिफ्लॉग’च्या साहाय्याने शोधता येते. जे कधी सिद्धही केले नाही, त्याची प्रत गिटपाशी नसते. म्हणून मागे घेण्यापूर्वी ‘गिट स्टेटस’ पाहणे इष्ट असते.