राइड दोन मिनिटांची, रांग तासाची?

कोल्हापूरकराला रांगेचा फंडा शिकवावा लागत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला रविवारी दुपारी बाराला जायचं की पहाटे काकड आरतीला, याचं उत्तर घरातल्या आजीलाही पाठ असतं. पाहुणे सोबत असले आणि गर्दी दिसली, तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते हेही आपल्याला ठाऊक. पण हीच मंडळी ऑफिसच्या ग्रुपबरोबर अम्युझमेंट पार्कला निघाली, की सगळं शहाणपण घरी विसरतात. पहाटे चारला गाडी काढायची, वाटेत दोनदा नाश्ता, गेटवर पोचेपर्यंत दुपार आणि मग दिवसभर समोरच्याची पाठ बघत उभं राहायचं!

आपल्या आधीच्या पिढीचं पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. आता ग्रुपचा मोर्चा वळतो तो २०१३ पासून खोपोली-पाली रस्त्यावर असलेल्या इमॅजिकाकडे. कोल्हापूरहून अंतर तीनशे किलोमीटरच्या वर. म्हणजे तिकीट, पेट्रोल आणि बॉसकडून मोठ्या मुश्किलीने मिळवलेली एक रजा, असा सगळा डाव एकाच दिवसावर लागलेला असतो. आमच्या ग्रुपचं तर आणखी एक दुखणं आहे. निम्मे कोल्हापुरात, निम्मे हिंजवडीत. सगळे एकत्र भेटतात ते वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. तो दिवस रांगेत घालवायचा? छे!

म्हणून आमच्याकडे आता प्लॅन ठरलेला असतो. घ्या, तुम्हीही वापरा.

दिवस कोणता?

शनिवार-रविवार, जोडून आलेल्या सुट्ट्या, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना टाळा. आपल्याकडे कितीतरी कारखान्यांना आणि दुकानांना सुट्टी सोमवारची असते. एरवी आपण त्या सोमवारवर कुरकुरतो, इथे मात्र तोच हुकमाचा एक्का! मुंबई-पुणेकर ऑफिसात असतात, तेव्हा आपण राइडवर. फक्त डिसेंबर-जानेवारीत जपून. त्या दिवसांत शाळांच्या सहली मधल्या वारीच येतात आणि चार बसगाड्या एकदम रिकाम्या झाल्या, की सोमवारचाही रविवार होतो. पावसाळ्यात गर्दी कमी, पण घाटमाथ्याच्या पायथ्याचा पाऊस आहे तो, बॉस! जोराच्या पावसात आणि विजा चमकत असताना उघड्यावरच्या राइड्स थांबवाव्याच लागतात.

मुक्काम आदल्या रात्री

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पुण्यातल्या मित्राकडे, लोणावळ्यात किंवा खोपोलीत, कुठेही राहा, पण गेट उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी तिथे हजर असा. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं हवं. पहिल्या तासात पार्कात माणसं कमी आणि राइड्स पूर्ण जोरात, त्यामुळे त्या तासात जेवढ्या राइड्स होतात तेवढ्यांना दुपारी दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. आणि वीकएंडलाच जावं लागलं, तरी एक्स्प्रेसवेवर आपल्याला एक बोनस आहेच. शनिवारी सकाळी घाटात अडकते ती मुंबईहून वर येणारी गर्दी, रविवारी संध्याकाळी अडकते ती मुंबईला परतणारी. आपण दोन्ही वेळा उलट्या दिशेने.

रांगेचं साधं गणित

रांग लांब दिसली म्हणजे वेळ जास्त लागेल, असं नसतं. महत्त्वाचं हे, की राइड एका फेरीत किती माणसं उचलते आणि दोन फेऱ्यांत किती वेळ जातो. समजा एका फेरीत २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे तासाला ४८० जण. तुमच्या पुढे २४० माणसं असतील, तर अर्धा तास. पण फेरीला १२ जणच बसत असतील, तर तेवढ्याच रांगेला एक तास! मोबाइलमध्ये स्टॉपवॉच असतंच. एक फेरी मोजा आणि ठरवा, थांबायचं की पुढे जायचं.

यावरूनच क्रम ठरतो. नायट्रो हा तासाला सुमारे १०५ किलोमीटर वेगाचा रोलर कोस्टर आणि स्क्रीम मशीनसारख्या ज्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी, त्या राइड्स सकाळी आधी उरका. गेटजवळची पहिली राइड बघून थांबू नका, सगळी गर्दी तिथेच थबकते. दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही टिपेला असताना एकदम बऱ्याच जणांना आत घेणारे, छताखालचे शो बघा. जेवण बाराच्या आत किंवा तीननंतर. भिजायच्या राइड्सना कपड्यांचा जादा जोड हवाच, ओल्या जीन्सवर कोल्हापूर गाठणं म्हणजे शिक्षा! शेवटच्या तासात लहान मुलं असलेली कुटुंबं निघू लागतात. तेव्हा आवडलेली राइड पुन्हा.

पैसे देऊन रांग टाळायची?

डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला. ठरलेल्या वेळी या, रांग छोटी, तेही फुकट. २०२१ मध्ये तो बंद होऊन पैसे भरायची पद्धत आली. आता जगभर हाच ट्रेंड आहे. आपल्याकडेही जादा पैशांचा पास मिळत असेल, तर तो नेमका कोणत्या राइड्सना चालतो ते बुकिंगच्या वेळीच वाचा. मोकळ्या सोमवारी त्यावर खर्च करणं म्हणजे रिकाम्या एसटीत जागा राखण्यासाठी रुमाल टाकणं.

आणि शेवटचं. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये लिहून ठेवलंय, की रिकामा बसलेला वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. हे आपल्याला रंकाळ्याच्या कट्ट्यावर केव्हाच कळलेलं आहे. म्हणून मिनिटामिनिटाचा टाइमटेबल करून ग्रुपला पळवू नका. सकाळचे दोन तास शिस्तीत, बाकी दिवस मोकळा. एखादी रांग लागलीच, तर मोबाइल खिशात घाला. हिंजवडीवाल्यांचं सहा महिन्यांचं गॉसिप बाकी आहे. त्या गप्पांत अर्धा तास कुठे गेला, ते कळणारही नाही!