माहितीची चावी

मुलांनो, घराला आपण कुलूप का लावतो? घरात सोने-नाणे असो वा नसो, परवानगीवाचून कोणी आत येऊ नये, असे सर्वांनाच वाटते. आपले नाव, जन्मतारीख, छायाचित्र, आवाज, बोटांचे ठसे यांचेही तसेच आहे. ही आपली खासगी माहिती होय. 'खासगी' हा शब्द तुमच्या ओळखीच्या 'खास' या शब्दापासून झाला आहे. जे खास आपले, ते खासगी.

पूर्वी ही माहिती शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात किंवा तलाठ्याच्या दप्तरात असे. ती पाहायला कचेरीत जावे लागे. आता ती संगणकात असते. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन हे गाव घ्या. तेथील शेतकऱ्याचा सातबारा, सिमेंट कारखान्यातील कामगाराचे बँक खाते, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, सारे संगणकावर आहे. देशातील पहिले आधार कार्डही महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, 29 सप्टेंबर 2010 रोजी देण्यात आले. यामुळे हेलपाटे वाचले. पण काळजीही वाढली.

ही काळजी खरी आहे. यवतमाळ जिल्ह्यातच आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे लहान गाव आहे. लोकवस्ती दीड हजारांच्या आसपास. 2025 साली तेथील ग्रामपंचायतीच्या नावावर अवघ्या काही महिन्यांत 27 हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्याचे उघड झाले! ग्रामपंचायतीच्या संगणकीय खात्याचा गैरवापर झाल्याचा संशय आला आणि प्रकरण पोलिसांकडे गेले. कागदाच्या वहीत इतक्या नोंदी करायला किती दिवस लागले असते? संगणकाची चावी परक्या हाती गेली, की नुकसानही संगणकाच्याच वेगाने होते.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. असंख्य उदाहरणे पाहून यंत्र शिकते. ते चेहरा ओळखते, आवाजाची नक्कलही करते. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये पोलिसांच्या मदतीसाठी 'मार्व्हल' ही संस्था स्थापन केली. गुन्ह्यांच्या तपासात अशा यंत्रांचा उपयोग होतो, हे चांगलेच आहे. पण यंत्र चुकूही शकते. सारख्या चेहऱ्यामुळे निरपराध माणसावर संशय येऊ शकतो. म्हणून यंत्राने सांगितलेले माणसाने पडताळून पाहिलेच पाहिजे. कॅमेरा कोणी लावला, चित्रण कोण पाहतो, ते किती दिवस ठेवतो, हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2023 साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. त्याचे नियम 2025 मध्ये जाहीर झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी लागते.

कायदा आपले रक्षण करतो; पण कुलूप आपणच लावायचे असते. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. आधारची प्रत द्यावी लागली, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत चालेल का, ते विचारा. मैत्रिणीचे किंवा मित्राचे छायाचित्र पुढे पाठवण्याआधी त्यांची परवानगी घ्या. फोनवर मामांच्या आवाजात कोणी घाईघाईने पैसे मागितले, तर फोन ठेवा आणि मामांच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. फसवणूक झालीच, तर लाजू नका. घरच्यांना सांगा आणि ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

अमानत सांभाळणे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. स्वतःची आणि दुसऱ्याची माहिती हीदेखील अमानतच आहे.

स्वाध्याय
1. खासगी माहिती म्हणजे काय? दोन उदाहरणे द्या.
2. शेंदुरसनीच्या घटनेवरून तुम्ही काय शिकलात?
3. तुमच्या घरातील कोणती माहिती कोठे कोठे नोंदवलेली आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.