फोन अडखळतो, दोष लाइनचा की स्विचचा?

आज पेढीवर बिलाचा संगणक, कॅमेरे आणि इंटरनेटवर चालणारा फोन अशा सर्वांच्या तारा एकाच खोक्यात येतात. या खोक्याला नेटवर्क स्विच म्हणतात. ऐन भावाच्या बोलणीत आवाज तुटू लागला, की आपले व्यापारी बंधू जास्त वेगाची लाइन घेऊन मोकळे होतात. आमचे म्हणणे, आधी स्विच पाहा, पैसे मग खर्च करा.

एका संभाषणाला सेकंदाला १०० किलोबिटही लागत नाहीत. अडचण जागेची नसून खोळंब्याची असते. कॅमेऱ्यांचे चित्रण एकदम सुटले, की आवाजाची पॅकेटे रांगेत मागे राहतात. बिलाची फाइल दोन सेकंद उशिरा पोचली तर काही बिघडत नाही. आवाजाचे उशिरा आलेले पॅकेट मात्र टाकूनच द्यावे लागते. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही.

यावर उपाय प्राधान्यक्रमाचा. ८०२.१पी पद्धतीत पॅकेटवर ० ते ७ पैकी आकडा पडतो. आवाजाला ५ देण्याची रीत आहे. गंमत अशी, की येथे १ चा दर्जा ० च्याही खाली! दुसरी पद्धत डीएससीपी. तिचे आकडे ० ते ६३, आवाजाचा ४६. पुष्कळ फोन हा शिक्का स्वतःच मारतात. स्विचने तो मानावा यासाठी त्या पोर्टवर ‘ट्रस्ट’ चालू करावे लागते. संगणकाच्या पोर्टवर ते करू नये, नाहीतर कोणताही प्रोग्रॅम स्वतःला शेठ म्हणवून पुढे घुसेल.

‘स्ट्रिक्ट’ ठेवल्यास वरची रांग संपेपर्यंत खालची हलत नाही. तिथे फक्त आवाज ठेवावा. कॅमेरेही तिथेच बसवले तर बिलिंग उपाशी राहील. बाकीच्यांना ‘वेटेड’, म्हणजे ठरलेल्या वाट्याने पाळी द्यावी.

साध्या स्वस्त स्विचमध्ये बहुधा ही सोय नसते. ‘मॅनेज्ड’ किंवा ‘स्मार्ट’ मागावा. पण घाई नको. एक्स्चेंज दुकानातच असेल तर आधी गल्ल्यावरून गोदामात फोन लावा. आत आवाज स्वच्छ आणि बाहेर तुटत असेल, तर कोंडी बहुतेक राउटरपाशी किंवा लाइनवर आहे. तिथे नवा स्विच काही करणार नाही. राउटरमध्येही प्राधान्याची सेटिंग असते का, ते कारागिराला विचारा. आणि तो निघण्यापूर्वी ‘सेव्ह’ केले का हेही विचारा. अनेक स्विचमध्ये तसे न केल्यास वीज गेली की सारी मेहनत पुसली जाते.