जुन्या स्पीकरला कोणता ॲम्प्लिफायर लावाल? वॅट नंतर, आधी ओहम बघा

रत्नागिरीत कुणाच्या माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असतो, तर कुठल्या मंडळाच्या खोलीत गणपतीचा जुना भोंगा. मोबाईलवरची गाणी यावर वाजतील का? हो, वाजतील! फक्त आधी स्पीकरच्या मागे लिहिलेला ओहमचा आकडा बघा.

ओहमने काय फरक पडतो?

ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते. आजचे ब्लूटूथ ॲम्प्लिफायर साधारण ४ ते ८ ओहमसाठी बनतात. ८ ओहमवर ५० वॅट देणारा ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देतो. सूत्र सोपं आहे: व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम = वॅट. त्यामुळे तोच ॲम्प्लिफायर १६ ओहमवर २५ वॅट देईल, आणि ८०० ओहमवर फक्त अर्धा वॅट! ॲम्प्लिफायर बिघडलेला नसतो, जोडी चुकलेली असते.

मग काय घ्यायचं?

• १५-१६ ओहम: आजचा कुठलाही चांगला ॲम्प्लिफायर चालेल. आवाज थोडा कमी येईल, इतकंच.

• ८०० ओहम: फिलिप्सचा ९७१०एएम हा असा स्पीकर. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी तो बनवला होता. आता लहान ॲम्प्लिफायर घ्या आणि मध्ये ८ ते ८०० ओहमचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावा.

• ट्रान्सफॉर्मरवाला भोंगा: लांब वायरीत पॉवर वाया जाऊ नये म्हणून तो १०० व्होल्टच्या लाइनवर चालतो. २० वॅटचा भोंगा म्हणजे ५०० ओहम. याला '१०० व्होल्ट' आउटपुट असलेला पीए ॲम्प्लिफायरच हवा. सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी ठेवा.

या चुका टाळा

१०० व्होल्टच्या लाइनला घरचा ८ ओहमचा स्पीकर थेट जोडू नका, तो जळेल. ॲम्प्लिफायर चालू असताना त्या वायरींना हात लावू नका, शॉक बसतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवू नका. जुना रेडिओ स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.

आकडा पुसला असेल तर मल्टीमीटर लावा. मीटर खऱ्या ओहमपेक्षा थोडं कमीच दाखवतं. ट्रान्सफॉर्मरवाल्या भोंग्यावर मात्र ते फसवतं, तिथे लेबलच बघा.

आणि हो, खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतात. ती आधी साफ करा, मग आवाज अगदी कमी ठेवून सुरू करा. जुन्या स्पीकरची कॉइल एकदा जळली, की तशीच दुसरी मिळणं कठीण.