गृहतापनातील बॉयलर आणि अभिसरण पंप

थंड हवामानाच्या प्रदेशांत घरे उबदार ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मध्यवर्ती तापन व्यवस्थेत बॉयलर आणि अभिसरण पंप ही दोन प्रमुख उपकरणे असतात. बॉयलर पाणी तापवतो. पंप ते पाणी नळांवाटे खोल्यांतील रेडिएटरांपर्यंत नेतो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे आणतो. ब्रिटन, जर्मनी आदी युरोपीय देशांत ही व्यवस्था सर्रास आढळते. नाव बॉयलर असले तरी त्यात पाणी उकळू दिले जात नाही. ते साधारणतः ५० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवले जाते.

इतिहास

सुरुवातीच्या व्यवस्थांत पंप नसे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे आणि निवलेले जड पाणी खाली उतरे. घनतेच्या फरकातून मिळणारा हा जोर अल्प असल्याने नळ रुंद ठेवावे लागत आणि बॉयलर सहसा तळघरात बसवला जाई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील डॉर्टमुंड येथील विल्हेल्म ओपलेंडर यांनी नळमार्गातच बसणारा विजेवरील अभिसरण पंप विकसित केला. अशा पंपांमुळे बारीक नळ वापरणे आणि बॉयलर सोयीच्या जागी ठेवणे शक्य झाले.

कार्य

खोलीचे तापमान ठरावीक पातळीखाली गेले की थर्मोस्टॅट संदेश देतो, पंप सुरू होतो आणि बॉयलरमधील ज्वलक पेटतो. ज्योतीची उष्णता उष्णता विनिमयकातून पाण्याला मिळते.

नळमार्ग बंद वर्तुळासारखा असल्याने वर जाणाऱ्या पाण्याचे वजन खाली येणाऱ्या पाण्याच्या वजनाने तोलले जाते. त्यामुळे बहुमजली घरातही पंपाला पाणी उचलावे लागत नाही. त्याला केवळ नळ, झडपा व रेडिएटर यांतील घर्षणावर मात करावी लागते. म्हणूनच घरगुती पंप लहान असूनही पुरतो.

वाहून नेली जाणारी उष्णता पाण्याचा प्रवाह आणि जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरक यांवर अवलंबून असते. २० किलोवॅट उष्णता २० अंशांच्या फरकाने पोहोचवण्यास मिनिटाला सुमारे १४ लिटर प्रवाह लागतो. फरक १० अंश असल्यास त्याच्या दुप्पट.

कार्यक्षमता

नैसर्गिक वायूच्या ज्वलनात पाण्याची वाफ तयार होते. संघनन बॉयलर या वाफेचे पाणी करून तिच्यातील अप्रकट उष्मा वापरतो. त्यासाठी परतीचे पाणी सुमारे ५५ अंशांहून थंड असावे लागते. पंप गरजेपेक्षा वेगाने चालल्यास पाणी पुरेसे न निवताच परतते, संघनन घटते आणि उष्णता धुराड्यावाटे वाया जाते. पंप फार मंद असल्यास दूरचे रेडिएटर नीट तापत नाहीत आणि बॉयलर वारंवार बंद-चालू होतो.

पंपाचा वेग निम्मा केल्यास त्याला लागणारी शक्ती सैद्धांतिकदृष्ट्या एक-अष्टमांश होते. त्यामुळे आधुनिक पंप गरजेनुसार आपला वेग बदलतात. युरोपीय संघाने २०१३ पासून अशा पंपांसाठी ऊर्जा-कार्यक्षमतेची किमान मर्यादा लागू केली.

सुरक्षितता

ज्वलक विझल्यावरही विनिमयकाच्या धातूत उष्णता शिल्लक असते. ती वाहून नेण्यासाठी अनेक व्यवस्थांत पंप काही मिनिटे चालू राहतो. या काळात सर्व रेडिएटरांच्या झडपा बंद असल्या, तरी पाण्याला फिरण्यास एक मार्ग मोकळा ठेवावा लागतो. ज्वलक पेटलेला असताना पंप बंद पडला, तर विनिमयकातील पाणी झपाट्याने तापते व आतल्या आत उकळू लागून खडखडाट होऊ शकतो. अशा वेळी तापमान-मर्यादक ज्वलक बंद करतो. तापल्याने प्रसरण पावलेल्या पाण्याला प्रसरण टाकी सामावून घेते आणि दाब सुरक्षित मर्यादेपलीकडे गेल्यास सुरक्षा झडप उघडते.